लिस्बनमधले पनीर

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपच्या सहलीला निघण्यापूर्वी मी वर्गातल्या पोरांना विचारले, "काय आणू रे तुमच्यासाठी?" कुणी चॉकलेट म्हणाले, कुणी नाणी. शेवटच्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी मात्र उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, वास्को द गामा जिथून निघाला, तिथले लोक जेवतात काय, तेवढे बघून या."

दरसाल मी वास्को द गामा शिकवतो. १४९७ साली तो लिस्बनहून निघाला, १४९८ साली कालिकतला पोचला, हे फळ्यावर लिहून लिहून माझे खडू झिजले. पण ती माणसे जेवत काय असतील हे माझ्या मनात कधी आले नव्हते. मी म्हटले, "बघून येतो, पोरी."

आणि लिस्बनमध्ये पहिल्या दोन्ही रात्री मी पनीर खाल्ले!

वाचकहो, हसू नका. तुमच्यापैकी निम्म्यांनी तेच केले आहे. सहलीच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापले होते : 'दररोज रात्री भारतीय भोजन.' बस आम्हांला एका तळघरात नेई. तिथे काळी डाळ, पनीर आणि पाकात बुडालेले गुलाबजाम. मी कोकणातला माणूस. आठ हजार किलोमीटर उडून गेलो आणि जेवलो काय, तर आमच्या तालुक्याच्या हमरस्त्यावरच्या ढाब्यात मिळते ते! शिवाय प्रत्येकाच्या पिशवीत चकल्या, मेतकूट आणि लोणच्याची बाटली होतीच. सहलवाल्यांना मी दोष देत नाही. गिऱ्हाईक मागते ते दुकानदार विकतो. दोष आपला आहे. आपण डोळे परदेशी पाठवतो आणि जीभ घरी कुलपात ठेवून जातो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बंड केले. बस चुकवली, आणि ही आणि मी पायीच निघालो. १७५५ च्या भूकंपानंतर नव्याने आखलेले सरळ रस्ते लिस्बनच्या मध्यभागी आहेत. तिथे दारोदार माणसे रंगीत चित्रांचे कार्ड हातात घेऊन उभी असतात आणि आपल्याला 'नमस्ते' म्हणतात. जिथे तुम्हांला आत ओढावे लागते, तिथे जाऊ नये हा पहिला नियम. चार गल्ल्या पलीकडे जा. काचेवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला असेल : 'प्रातु दु दिया', म्हणजे आजचे ताट. आत एक वाजता गवंडी, कारकून, टपालवाले खांद्याला खांदा लावून जेवत असतील. अशा खाणावळीला तिकडे 'ताश्का' म्हणतात. तिथे बसा.

आम्ही बसलो. न मागताच पाव, ऑलिव्ह आणि चीज पुढे आले. आपली मंडळी हे फुकट समजून फस्त करतात आणि बिलावरून हातघाईवर येतात. ते फुकट नसते. पण जबरदस्तीचेही नसते. मागवले नसेल आणि हात लावला नसेल, तर त्याचे पैसे घेता येत नाहीत, असा २०१५ चा कायदाच आहे. नको असेल तर नम्रपणे परत करावे. खाल्ले तर मुकाट्याने पैसे द्यावेत.

मग 'काल्दु वेर्द' आले. घोटलेल्या बटाट्याचे कढण आणि त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पालेभाजी. वर डुकराच्या सॉसेजची चकती असते. नको असेल त्याने आधीच बजावावे. त्यामागून 'बाकल्याउ' आला. हा खारवून सुकवलेला कॉड मासा उत्तरेच्या थंड समुद्रातला. पाणी बदलून बदलून एक-दोन दिवस भिजत ठेवतात तेव्हा तो मऊ होतो. बटाट्याच्या बारीक काड्या आणि अंडे घालून परतलेला होता. हिने वास घेतला आणि म्हणाली, "अहो, हा तर आपल्या खाऱ्या बांगड्याचा भाऊबंद!" शेवटी दालचिनीची पूड भुरभुरलेली तांदळाची खीर आली, 'आर्रोश दोस'. ही दोन चमचे खाऊन गप्प झाली. नंतर म्हणाली, "लिंबाची साल घातली आहे. घरी करून बघेन."

जेवण झाल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्याने 'बीका' घेतली. बीका म्हणजे घोटभर कडक कॉफी. बाहेर खुर्चीत बसलात तर तिलाच जास्त पैसे पडतात. तिथल्या काचेच्या कपाटात पाहतो तो त्रिकोणी समोसे! नाव 'शमूसा'. गोव्याकडून आणि मोझांबिककडून गेलेल्या माणसांबरोबर ते तिथे पोचले आणि आता तिथलेच झाले आहेत. लिस्बनच्या माणसाने आपला समोसा बिनतक्रार खाल्ला. आपल्याला मात्र त्याचे कढण पाहून पोटाची चिंता लागते!

आता काही जण म्हणतील, "मास्तर, आम्ही तसे नव्हे, आम्ही प्रसिद्ध ठिकाणी जाऊन खातो." त्यांचेही ऐकले आहे. बेलेंमधल्या १८३७ पासूनच्या दुकानातली मलईची पेस्ट्री खरोखर उत्तम; गरम असताना दालचिनी भुरभुरून खावी. (अंड्याचा बलक असतो, हे शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे.) पण आपले लोक दारातली रांग धरतात, पुडा घेतात, फोटो काढतात आणि बस गाठतात. आत मोठमोठी दालने आहेत, तिथे बसावेसे कुणाला वाटत नाही. शियादु भागात १९०५ सालचे 'ब्राझिलैरा' हे कॉफीगृह आहे. दारात फर्नांदु पेसोआ या कवीचा ब्राँझचा पुतळा १९८८ पासून बसला आहे. त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून फोटो काढणारे पुष्कळ पाहिले. आत जाऊन कॉफी घेणारे त्यांत थोडे. याला खाणे म्हणत नाहीत, हजेरी लावणे म्हणतात.

पेयांविषयी शाळामास्तराने फार बोलू नये. एवढेच सांगतो की रोसियु चौकाजवळ १८४० पासून एक एवढेसे दुकान आहे. तिथे आंबट चेरीचे मद्य 'जिंजिन्या' चिमुकल्या पेल्यात देतात. म्हातारेकोतारे रस्त्यातच उभे राहून तो रिकामा करतात आणि घरी जातात. घेणाऱ्याने एक घ्यावा. न घेणाऱ्याने ते म्हातारे पाहावेत.

आता आक्षेप. "आम्ही शाकाहारी आहोत." असा, जरूर असा. पाव, चीज, ऑलिव्ह, भाज्यांचे कढण, अंडी चालत असतील तर आम्लेट आणि फळे : तीन दिवसांत कुणी उपाशी मरत नाही. एकादशीला आपण याहून कमी प्रकारांवर राहतो. व्रत पाळणाऱ्याला मी हसत नाही. पण व्रत नसताना केवळ 'आपले ते चांगले' म्हणून जो तोंड फिरवतो, त्याच्याशी माझे भांडण आहे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. "ज्यांनी गोव्यावर साडेचारशे वर्षे राज्य केले, १५६० साली तिथे इन्क्विझिशन आणले, त्यांच्या पंगतीला बसायचे?" हा इतिहास मी शिकवतो, तो मऊ करून सांगत नाही. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, हेही अभिमानाने सांगतो. पण ताश्कामध्ये कढण वाढणारी म्हातारी व्हाइसरॉय नव्हती. तिने हिच्या रिकाम्या ताटाकडे पाहून पोटावर हात ठेवला आणि भुवया उंचावल्या. 'पोट भरले का?' हा प्रश्न कुठल्या भाषेत कळत नाही?

आणि खरे सांगू? त्यांच्या पंगतीला आपण केव्हाच बसलो आहोत. बटाटा हा शब्द त्यांचा, पाव त्यांचा, काजू त्यांचा, अननस त्यांचा. मिरची त्यांच्या गलबतांतून अमेरिकेहून इकडे आली. ज्या हापूसवर आपण छाती फुगवतो, त्याचे नावसुद्धा 'अफोंसु' या पोर्तुगीज नावावरून पडले. हा अंक वाचताना आपल्यापुढे फराळाची बशी असेल. चिवड्यातली मिरची आणि काजू बाजूला काढून पाहा, म्हणजे शुद्ध 'आपले' किती उरते ते कळेल!

म्हणून सांगतो : परदेशी जाल तेव्हा निदान एक जेवण तिथल्या माणसांबरोबर, त्यांच्या वेळेला, त्यांच्या बाकावर बसून घ्या. जुने चर्च बघून त्या लोकांचे मेलेले पूर्वज कळतात; जिवंत माणूस कळतो तो त्याच्या ताटावरून.

शाळा उघडली. त्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारले, "गुरुजी, काय जेवतात?" मी खारा मासा सांगितला, पालेभाजीचे कढण सांगितले, दालचिनीची खीर सांगितली. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखेच की!"

तिसऱ्या दिवशी बस चुकवली नसती, तर हे वाक्य मला ऐकायला मिळाले नसते.