टॅब कपाटात का जातो?

गोळी लिहून दिली म्हणजे रुग्ण ती घेतोच, असे नाही. सरकारी रुग्णालयात उमेदीची वर्षे काढलेल्या डॉक्टरला हे वेगळे सांगावे लागत नाही. घेऊन बरे वाटत नसेल, दिवसातून चार वेळा घ्यावी लागत असेल किंवा गावात मिळत नसेल, तर ती आठवडाभरात बंद होते. हातातल्या टॅबचेही तसेच आहे.

२०११ मध्ये याची दोन उदाहरणे दिसली. जुलैत एचपीने अमेरिकेत ४९९ डॉलरचा ‘टचपॅड’ आणला. त्याच्या वेबओएस प्रणालीचे कौतुक झाले, पण तिच्यावर चालणारी अ‍ॅप आयपॅडच्या तुलनेत फारच थोडी होती. ४९ दिवसांत कंपनीने माघार घेतली. उरलेला माल ९९ डॉलरला काढल्यावर झुंबड उडाली. टॅबवर मात्र ती प्रणाली टिकली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीत विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ आला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांत पडत होता. पण पडदा जोर देऊन दाबावा लागे, वेगही संथ. पुढच्या वर्षी ‘आकाश-२’मध्ये पडदा आणि प्रोसेसर दोन्ही बदलावे लागले. एकात दर्जा होता पण करण्यासारखे थोडे, दुसरा स्वस्त होता पण वापरायला त्रासाचा.

हाच प्रश्न आता आरोग्यसेवेत आहे. एक आरोग्यसेविका मला म्हणाली, “सर, आधी रजिस्टर भरायचं, मग तेच टॅबवर. रेंज नसली की रात्री घरी बसून.” तिचा टॅब आता कपाटात आहे. दुहेरी नोंदीत गेलेला वेळ गृहभेटीतून कापला जातो. त्या न झालेल्या भेटीत हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलेली एखादी गरोदर बाई असते. ती आमच्याकडे येते तेव्हा कळा सुरू झालेल्या असतात आणि आम्ही रक्ताच्या पिशवीसाठी धावत असतो.

मग टॅब वापरात राहायला काय हवे? नेट नसतानाही नोंद व्हावी. आरोग्यसेविकांसाठी २०१६ मध्ये आंध्र प्रदेशात सुरू झालेल्या ‘अनमोल’ अ‍ॅपमध्ये ही सोय ठेवली होती, ते योग्यच होते. पडद्यावरची भाषा मराठी असावी. बिघडला तर तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त व्हावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, भरलेल्या माहितीतून तिला काहीतरी परत मिळावे: या आठवड्यात कोणत्या बाळाची लस राहिली, कोणत्या गरोदर बाईची तपासणी चुकली. वरिष्ठांना अहवाल देणारा पण तिला काहीच न देणारा टॅब ती का जपेल?

म्हणून टॅबची पुढची खरेदी करण्याआधी एक काम करावे. तो आल्यावर कोणते रजिस्टर बंद होणार, हे लेखी ठरवावे. एकही बंद होणार नसेल, तर ती खरेदी थांबवावी.