शिफारस म्हणून वगळलेलं

मागच्या आठवड्यात दिल्लीत होतो. मुक्काम कोपर्निकस मार्गावर, जुन्या महाराष्ट्र सदनात. संध्याकाळी जवळच्याच कमानी सभागृहात नाटकाला जायचं ठरलं होतं. दिल्लीत एम.टेक. करणारी भाची आली ती उघडा लॅपटॉप हातात घेऊनच. "मामा, नाटक राहू दे. उद्या प्रोजेक्ट दाखवायचंय आणि व्हर्च्युअल मशीनला नेटच मिळत नाहीये. सकाळपासून बसलेय."

तिच्या लॅपटॉपवर डेबियन घराण्यातलं लिनक्स होतं आणि त्यावर व्हर्च्युअल मशीन चालवणारे केव्हीएम व लिबव्हर्ट हे प्रोग्रॅम. सकाळी मशीन सुरूच होईना, 'डिफॉल्ट' नावाचं नेटवर्क चालू नाही असा संदेश यायचा. कुणीतरी सांगितलं, मशीनमधलं नेटवर्क कार्ड काढून टाक. तिनं काढलं आणि मशीन सुरू झालं. अर्धं काम झालं असं वाटून ती दिवसभर मशीनच्या आत शिरून डीएनएस बदलत राहिली. शेवटी आतलं लिनक्सही पुन्हा टाकून झालं. कार्डच नसलेल्या मशीनला नेट मिळणार कुठून? आत फक्त 'लो' हा स्वतःशीच बोलणारा इंटरफेस दिसत होता.

मी कार्ड परत लावायला सांगितलं आणि मशीन बाजूला ठेवून लॅपटॉपवरच ते 'डिफॉल्ट' नेटवर्क हातानं सुरू करायला लावलं. आता खरा संदेश आला: डीएनएसमास्क सापडत नाही.

लिबव्हर्ट स्वतः आयपी पत्ते वाटत नाही. ते 'व्हीआयआरबीआर०' नावाचा आभासी पूल उभा करतं, त्याला १९२.१६८.१२२.१ हा पत्ता देतं, बाहेर जाण्याची वाट फायरवॉलच्या नियमांनी आखतं. पत्ते वाटणं आणि नावं शोधून देणं हे काम मात्र ते सायमन केली यांनी लिहिलेल्या डीएनएसमास्ककडे सोपवतं. हा वेगळा प्रोग्रॅम आहे, लिबव्हर्टला जोडलेली लायब्ररी नव्हे. त्यामुळे लायब्ररी तपासणारी साधनं सगळं ठीक असल्याचं सांगतात आणि उणीव कळते ती हाक मारल्यावर कुणी ओ देत नाही तेव्हाच.

तो गेला कुठे? डेबियन घराण्यात एका पॅकेजचं दुसऱ्याशी नातं मुख्यतः तीन पायऱ्यांचं असतं: आवश्यक, शिफारस, सूचना. जागा वाचावी म्हणून भाचीनं शिफारशी वगळूनच सगळं बसवलं होतं, आणि डीएनएसमास्क शिफारशीतच होता. आर्च लिनक्समध्ये तर तो सरळ ऐच्छिक आहे.

या मुलीला मी दोष देणार नाही. ज्याच्यावाचून नेहमीचं नेटवर्क उभंच राहत नाही, त्याला शिफारस म्हणणं नेहमीच्या वापरकर्त्याशी प्रामाणिक नाही. मशीन थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडणारा स्वतःचा ब्रिज वापरणाऱ्या सर्व्हरवाल्यांना त्याची गरज नसते, हे मान्य. पण मग बसवतानाच ठळक सांगा, की हे वगळलंत तर 'डिफॉल्ट' नेटवर्क चालणार नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या यादीबद्दल, म्हणजे 'एसबॉम'बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. मला ती फार मोलाची वाटतात. पण आत काय आहे याच्या यादीइतकीच, चालताना बाहेरून काय लागतं याचीही यादी हवी. आणि आपल्या कॉलेजांत मुलांना तयार इमेज हाती देण्याऐवजी एकदा तरी असं काहीतरी मुद्दाम काढून घेऊन लॉग वाचायला बसवावं. लॉगमध्ये शेवटच्या ओळीपेक्षा पहिली तक्रार शोधायची असते, हे तिला चार वर्षांच्या बी.टेक.मध्ये कुणी सांगितलं नव्हतं. याचं मला मनापासून वाईट वाटलं.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून पॅकेज उतरवलं. पूर्ण डीएनएसमास्क नव्हे, नुसतं 'डीएनएसमास्क-बेस'. पूर्ण पॅकेज स्वतःची सेवा सुरू करून ५३ क्रमांकाचा पोर्ट धरायला जातं आणि तिथे आधीच बसलेल्या सेवेशी भांडण होतं. मग नेटवर्क सुरू केलं, मशीन सुरू केलं. आत १९२.१६८.१२२ नं सुरू होणारा पत्ता आला आणि पिंगला उत्तरं यायला लागली.

भाची लॅपटॉप मिटायला लागली तेव्हा तिला थांबवलं. नेटवर्कला ऑटोस्टार्ट लावलेलं नव्हतं. सकाळी परीक्षकांसमोर लॅपटॉप पुन्हा सुरू केला असता, तर तोच पहिला संदेश परत आला असता.