आधी भाडेकरू, मग फ्लॅट

बारामतीच्या एमआयडीसीत पर्मनंटची ऑर्डर हातात पडली की घरात दोन विषय निघतात: लग्न आणि फ्लॅट. ‘भाड्यानं देऊन टाक, हप्ता भाड्यातूनच फिटेल,’ असं सांगणारा एखादा मामा किंवा मित्र भेटतोच. पंचविशीतल्या पोराला हे गणित कागदावर मांडून दाखवणारा मात्र क्वचित भेटतो.

समजा, भिगवण रस्त्याच्या बाजूला 30 लाखांचा वन बीएचके घेतला. पदरचे 6 लाख घातले, उरलेल्या 24 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढलं. हप्ता बसतो 20,800 रुपयांच्या आसपास. फिटेपर्यंत बँकेकडे जातात जवळपास 50 लाख. मुद्रांक शुल्काचे 6 टक्क्यांनी 1 लाख 80 हजार आणि नोंदणी फीचे 30 हजार सुरुवातीलाच मोजायचे. भाडं 9 हजार आलं असं धरलं, तरी दरमहा 12 हजारांची भर पगारातून. घरपट्टी, मेंटेनन्स आणि भाडेकरू सोडून गेल्यावरचा रिकामा महिना यात धरलेलाच नाही.

‘पण किंमत वाढेल की!’ वाढेलही. मग तो भाववाढीवर, आणि तोही कर्ज काढून लावलेला डाव झाला. भाड्याचं उत्पन्न म्हणून त्याची जाहिरात करू नये.

भाडेकरूंची इथं ददात नाही. पियाजिओचा तीनचाकींचा कारखाना, फेरेरोचं चॉकलेट, टेक्स्टाइल पार्क, विद्या प्रतिष्ठान, टी. सी. कॉलेज, 2019 पासूनचं सरकारी मेडिकल कॉलेज. माणसं बाहेरून येतच राहतात. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी 1930 च्या दशकात वालचंदनगर वसवलं, तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली. आजच्या एमआयडीसीतला ट्रेनी किंवा कंत्राटी कामगार स्वतःच खोली शोधतो, आणि ती त्याला तांदूळवाडी, रुई, जळोचीतल्या घरांत सापडते. त्याला वन बीएचके नकोच असतो. शिफ्टला जाणारी तिघं मिळून एक खोली घेतात, नाहीतर कॉट बेसिसवर राहतात.

म्हणूनच ज्याच्या वडिलांचं घर या पट्ट्यात आहे, त्यानं फ्लॅटच्या बुकिंगआधी स्वतःच्या स्लॅबकडे बघावं. पाया पेलतो का, हे इंजिनिअरला विचारून आणि नगरपरिषदेची परवानगी काढून वर दोन खोल्या चढवाव्यात. जागेचे पैसे वाचतात, त्यामुळे कर्ज निघालंच तर लहान निघतं. जिना बाहेरून हवा, म्हणजे रात्रपाळीहून येणाऱ्यासाठी आईला कडी काढायला उठावं लागत नाही. लाइटला सबमीटर आणि पाण्याची टाकी वेगळी हवी. मालक-भाडेकरूंची निम्मी भांडणं मोटर कुणी चालू ठेवली यावरूनच होतात. आणि अकरा महिने असं खालच्या मजल्यावरून भाडेकरू सांभाळले, की हा धंदा आपल्याला झेपतो का, हेही कळतं.

ओळखीचा माणूस म्हणून करार टाळायची खोड मात्र सोडावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 9 हजार भाडं आणि 20 हजार डिपॉझिटच्या अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क लागतं अडीचशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी वेगळी. एवढ्यासाठी लोक कायद्याबाहेर राहतात, हे नवलच.

इंदापूरकडच्या पोरांपुढे मोह वेगळा असतो. उसाचं बिल आलं की सोलापूर महामार्गालगत गुंठा-दोन गुंठे घेऊन ठेवायचे, पुढेमागे खोल्या काढू म्हणून. लोणी देवकरच्या एमआयडीसीजवळ हे एखादे वेळी जमेलही. पण जिथं कामगार चालत किंवा सायकलवर पोचू शकत नाही, तिथली खोली कुणी घेत नाही. शिवाय बिगरशेती आदेश आणि मंजूर लेआउट नसलेल्या तुकड्यावर बँक कर्ज द्यायला तयार होत नाही. इसाराचे पैसे देण्याआधी सातबारा, एनए आदेश आणि लेआउटचा नकाशा हे तिन्ही कागद वकिलाला दाखवून घ्यावेत. विकणारा ‘कागद नंतर देतो’ म्हणाला, तर इसारही नंतरच द्यावा.