मंजुरीच्या शिक्क्यानंतर

चार-पाच वर्षांपूर्वी एका आरोग्यविषयक संशोधन प्रकल्पाचे संमतिपत्र माझ्याकडे तपासण्यासाठी आले होते. मूळ मजकूर इंग्रजीत होता आणि त्याचे मराठी भाषांतर दूरच्या शहरात कोणाकडून तरी करून घेतलेले होते. मराठीचा प्राध्यापक या नात्याने मी शुद्धलेखन पाहून द्यावे, एवढीच अपेक्षा होती. त्यात एक वाक्य असे होते : ‘सहभागी व्यक्ती कोणत्याही पूर्वग्रहाविना आपली संमती केव्हाही प्रत्याहृत करू शकेल.’ ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक त्यात नव्हती. संध्याकाळी घरकामाला येणाऱ्या मावशींना मी ते वाक्य दोनदा वाचून दाखवले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘सर, मंग नाही म्हणलं तर दवाखान्यात घेतेत का नाई?’

नकार दिला तरी उपचारात काही फरक पडणार नाही, एवढेच त्या वाक्याला सांगायचे होते. मावशींना नेमके उलटे ऐकू आले. माझ्या हाती येण्यापूर्वीच त्या प्रकल्पाला समितीची मंजुरी मिळालेली होती. म्हणजे प्रकल्प मंजूर होता, भाषा शुद्ध होती, आणि ज्यांच्यासाठी तो कागद लिहिला त्यांच्यापर्यंत त्यातले काहीही पोचत नव्हते. मंजुरी मिळालेल्या संशोधनाविषयी काही लिहावे असे तेव्हापासून मनात आहे.

प्रथम हे स्पष्ट करतो की मंजुरीची ही व्यवस्था मला निरर्थक वाटत नाही. ती माणुसकीला काळिमा फासणाऱ्या प्रयोगांनंतर जन्माला आली आहे. नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून 1947 साली न्यूरेंबर्ग संहिता आली. 1964 साली जागतिक वैद्यक संघटनेने हेलसिंकी जाहीरनामा स्वीकारला. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 1980 साली याविषयीचे पहिले धोरणपत्र काढले. पुढे 2000, 2006 आणि 2017 मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली. समाजशास्त्रीय अंगाने आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांसाठी मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने 2000 साली वेगळी तत्त्वे तयार झाली. 2019 च्या नियमांनी नैतिकता समित्यांची नोंदणी आवश्यक केली. या समितीत डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारा, समाजशास्त्र जाणणारा आणि एक सामान्य माणूस असावा, अशी अपेक्षा आहे.

ही व्यवस्था नसली तर काय होते, ते आफ्रिकेतील नायजेरियाने पाहिले आहे. 1996 साली तिथल्या कानो शहरात मेंदूज्वराची भयंकर साथ असताना फायझर या अमेरिकी कंपनीने 200 मुलांवर औषधाची चाचणी घेतली. निम्म्या मुलांना नवे औषध, निम्म्यांना प्रचलित औषध. अकरा मुले दगावली. त्यांत दोन्ही गटांतील मुले होती, त्यामुळे मृत्यूंचा दोष सरळ नव्या औषधावर टाकता येत नाही. परंतु पुढे उघड झाले ते वेगळेच होते. समितीच्या मंजुरीचे जे पत्र दाखवले जात होते, ते मागाहून तयार केलेले होते आणि चाचणीच्या वेळी त्या रुग्णालयात अशी समितीच अस्तित्वात नव्हती. 2009 साली कंपनीने कानो राज्याशी तडजोड केली. त्याआधी 2007 साली नायजेरियाने आरोग्य संशोधनाची राष्ट्रीय आचारसंहिता तयार केली होती. म्हणून शिक्क्याला मोल आहे. पण शिक्का खरा असला म्हणजे सारे आले का?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी दूर जावे लागत नाही. तेव्हाचा उस्मानाबाद आणि आताचा धाराशिव हा आपल्याच मराठवाड्यातील जिल्हा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी जगात जे महत्त्वाचे अभ्यास झाले, त्यांतील एक इथे झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून 1999 साली तो सुरू केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे 52 समूह करून त्यांची चार गटांत विभागणी झाली. एका गटाची एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची केवळ डोळ्यांनी पाहून. आणि चौथ्या गटातील 31,488 स्त्रियांची तपासणी नाही. आठ वर्षांनंतरचे निष्कर्ष 2009 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. एचपीव्ही चाचणीची एकच फेरी झालेल्या 34,126 स्त्रियांत या कर्करोगाचे 34 मृत्यू झाले होते. तपासणी न झालेल्या गटात 64.

या आकड्यांचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. आयुष्यात एकदा केलेली चाचणी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणू शकते, हे मराठवाड्यातल्या शेतमजूर बायांच्या देहांवरून जगाला कळले. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक तपासणीसाठी हीच चाचणी पसंत केली. पण त्या 64 जणींचे काय? या कर्करोगावर तपासणीचा उपयोग होतो हे पाश्चात्त्य देशांत अनेक दशके ठाऊक असताना एक गट विनातपासणी ठेवणे योग्य होते का, असा आक्षेप घेतला गेला. संशोधकांचे उत्तर असे की भारतात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता. ज्यांना काही मिळत नव्हते त्यांच्याकडून काही काढून घेतलेले नाही. या गटाला रोगाची माहिती आणि तपासणी कुठे होते हे सांगितले होते, असेही ते म्हणतात.

मला दोन्ही बाजू ऐकू येतात. ‘इथे काहीच नव्हते’ हे विधान खरे आहे. पण ते खरे आहे हीच आपली लाज आहे. आपल्या जिल्ह्यांत दवाखान्याची सोय नाही, म्हणून आपली माणसे तुलनागटासाठी सोयीची ठरतात. गैरसोय हीच संशोधनाची सोय होते. समितीला ही गोष्ट बदलता येत नाही, हे मान्य. परंतु या अभ्यासाने जे सिद्ध केले त्याचा लाभ पहिल्यांदा कोणाला मिळावा, हे मंजुरीच्या दिवशीच कागदावर यायला हवे, एवढा आग्रह ती नक्कीच धरू शकते.

दुसरे उदाहरण आमच्या शेजारचे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील आणि आज तेलंगणात असलेल्या खम्मम जिल्ह्यात 2009 साली एचपीव्ही लशीचा प्रायोगिक प्रकल्प झाला. दहा ते चौदा वर्षांच्या मुली त्यात होत्या, त्यांत वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुली पुष्कळ. काही मुलींच्या मृत्यूनंतर 2010 मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. ते मृत्यू लशीमुळे झाले असे चौकशीत आढळले नाही, हे आवर्जून सांगायला हवे. लस वाईट असा अर्थ कोणी काढू नये. पण चौकशीत दुसरे काही आढळले. अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. 2013 साली संसदेच्या स्थायी समितीने यावर कठोर ताशेरे ओढले. किनवटकडच्या आश्रमशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्या सह्या कशा झाल्या असतील याची कल्पना करावी लागत नाही. बाप ऊसतोडीला गेलेला, आई अंगठा उठवणारी, आणि अधीक्षक तर रोजच सह्या करतो.

हिमायतनगरच्या आठवडी बाजारात उभे राहिले तर मराठी, गोरमाटी, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा कानी पडतात. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बाईला ‘प्रत्याहृत’ तर सोडाच, ‘संमती’ हा शब्दही परका आहे. हेलसिंकी जाहीरनाम्याच्या 2024 च्या आवृत्तीत, ज्यांच्यावर संशोधन होते त्यांच्यासाठीचा जुना शब्द बदलून ‘सहभागी’ या अर्थाचा शब्द आला. चांगली गोष्ट आहे. पण कागदावर सहभागी म्हटल्याने कोणी सहभागी होत नाही. त्याला प्रश्न विचारता आला पाहिजे, आणि प्रश्न विचारता येण्यासाठी आधी वाक्य कळले पाहिजे.

शिवाय समितीच्या कक्षेबाहेर पुष्कळ काही राहते. शेतकरी आत्महत्यांवर उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने 2005 साली आणि राज्य शासनासाठी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने 2006 साली अभ्यास केला. ते आवश्यकच होते. पण त्यानंतर त्याच उंबरठ्यांवर प्रश्नावल्या घेऊन गेलेल्यांची मोजदाद कोणी ठेवली आहे? नवऱ्याने कोणते औषध घेतले, हे एका बाईने किती वेळा सांगायचे? पाण्याचेही तेच. किनवट आणि शेजारच्या यवतमाळच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड, असे भारतीय मानक आहे. एखादा विद्यार्थी हातपंपाचे पाणी बाटलीत भरून नेतो. पाण्याची संमती घ्यायची नसते, म्हणून समितीचा प्रश्न येत नाही. आकडा प्रबंधात जातो आणि गाव तेच पाणी पीत राहते.

आता स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. 2004 साली मी एम.फिल.साठी जात्यावरच्या ओव्या गोळा करत होतो. आईला सोबत घेऊन पैनगंगेकाठच्या एका गावी गेलो. सत्तरीच्या एका आजींनी तीन दिवस ओव्या म्हटल्या. मी त्या कॅसेटवर घेतल्या. प्रबंधात त्या ‘निवेदक क्र. 7’ झाल्या. मला पदवी मिळाली, पुढे नोकरी लागली. अकरा वर्षांनी त्यांची लेक पत्ता शोधत महाविद्यालयात आली. आजी वारल्या होत्या. तिला प्रबंध नको होता. ती एवढेच म्हणाली, ‘आईचा आवाज आहे म्हणे तुमच्याकडं. तेवढा द्या.’ माळ्यावरचे खोके काढले तर कॅसेटला बुरशी चढलेली. मी तिला ओव्यांची झेरॉक्स दिली. तिला वाचता येत नव्हते.

साहित्याच्या अभ्यासाला कोणत्याही समितीची मंजुरी लागत नव्हती. पण लागली असती तरी त्या समितीने मला काय विचारले असते? जोखीम किती, नाव गुप्त ठेवणार का, सही घेतली का. नाव तर मी इतके गुप्त ठेवले की आजी त्यात उरल्याच नाहीत. परत काय देणार, हे कोणीच विचारले नसते.

हा प्रश्न विचारण्याचे धैर्य दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी दाखवले. अनुवंशशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, औषध कंपन्या अशा साऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला. भूक मारण्यासाठी ते चघळत असलेल्या हूडिया या वनस्पतीच्या गुणधर्माचे पेटंट 1990 च्या दशकात एका सरकारी संशोधन संस्थेने घेतले, आणि लाभातील वाट्याचा करार पुढे 2003 साली झाला. शेवटी 2017 साली सान समाजाने स्वतःची संशोधन आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, आस्था आणि ठरलेली रीत अशी तिची साधी सूत्रे आहेत. संशोधकाने विद्वत्तेच्या भाषेत नव्हे, स्पष्ट भाषेत बोलावे, हेही त्यात आहे. ज्यांचा अभ्यास होत होता, त्यांनीच अभ्यासकासाठी नियम केले.

आपल्याकडे याला आधार नाही असे नाही. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने स्वतःचे अभ्यासगट चालवून दाखवले आहेत. ग्रामसभा आहेत. त्यांनी वर्षातून एकदा एवढेच विचारावे, की या वर्षी आपल्या गावात कोण काय शोधायला आले आणि त्यातले आपल्याला कोणी काय सांगितले. नैतिकता समितीतील ‘सामान्य माणूस’ खरोखर सामान्य असावा. संमतिपत्र त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे आणि त्याने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगितल्याखेरीज मंजुरी देऊ नये. निष्कर्ष छापण्याआधी ते गावच्या बोलीत एका पानावर गावाला द्यावेत. यासाठी फार खर्च येत नाही.

ते संमतिपत्र मी नंतर पुन्हा लिहून पाठवले. त्या वाक्याच्या जागी लिहिले : ‘तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. मधेच सोडले तरी चालेल. दवाखान्यात तुम्हाला नेहमीसारखेच औषध मिळेल.’ ते वापरले गेले की नाही, मला कळवण्यात आले नाही. अलीकडे माझा विद्यार्थी ओव्या, गाणी गोळा करायला निघाला, की मी त्याला पहिली अट घालतो ती प्रश्नावलीची नसते. परत कधी जाणार, ती तारीख आधी वहीत लिही, असे सांगतो.