हवेतली मालमत्ता

चाळिशी ओलांडलेल्या मुंबईकरांना अलीकडे २००२ सालाची फार आठवण येऊ लागली आहे. रेडिओचा विषय निघाला की ही मंडळी हळवी होतात. त्या वर्षी मुंबईत रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड एफएम, गो आणि विन अशी खासगी एफएम केंद्रे एकापाठोपाठ एक सुरू झाली आणि शहराचा आवाजच पालटला, असे ती सांगतात. टॅक्सीत, पानाच्या गादीवर, केशकर्तनालयात, लोकलच्या डब्यात एकाच वेळी एकच गाणे ऐकू यायचे. निवेदक आपल्यासारखेच बोलायचे, अडखळायचे, हसायचे. ‘ती मजा आता नाही,’ असे म्हणून एक सुस्कारा सोडला जातो.

माझ्या पिढीने हेच वाक्य रेडिओ सिलोनबद्दल म्हटले आहे आणि माझ्यानंतरच्या काही जणांनी विविध भारतीबद्दल. तेव्हा स्मरणरंजनाला माझी हरकत नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्याने त्याला हरकत घेणे म्हणजे वाण्याने गुळाला नावे ठेवण्यासारखे आहे. पण आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढल्याने एक खोड जडली आहे. ‘त्या काळी धंदा कसा जोरात होता’ असे कोणी सांगू लागले की मी मनातल्या मनात खतावणी उघडतो. जागा कोणाची होती? भाडे किती होते? करार कोणत्या अटींवर झाला होता? २००२ च्या त्या रम्य आठवणींनाही हेच प्रश्न विचारले पाहिजेत, आणि ते आताच विचारले पाहिजेत. कारण केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, त्यांची राखीव किंमत ७८४.८७ कोटी रुपये ठरवली. या यादीत लातूर, यवतमाळ, वर्धा अशी आपली गावेही आहेत. मुंबईला जे मिळाले तेच या गावांना मिळणार असेल, तर मुंबईला नेमके काय मिळाले याचा हिशेब झालेला बरा.

पहिली गोष्ट, मुंबईतला खासगी रेडिओ २००२ साली जन्मला नाही. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत जे केंद्र सुरू झाले, ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचेच होते. कंपनीची मुख्य भिस्त श्रोत्यांकडून येणाऱ्या परवाना शुल्काच्या वाट्यावर होती. रेडिओ संच महाग, श्रोते थोडे आणि खर्च मात्र रोजचा. १९३० च्या मार्चमध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि प्रसारण सरकारकडे गेले. पुढची सहा दशके ते सरकारकडेच राहिले.

सरकारने त्या मक्तेदारीचे काय केले, हेही विसरून चालणार नाही. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा हा मराठी कैवारी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून दूर करू पाहत होता. हेतू उदात्त असेल, पण श्रोत्याने सरळ सुई फिरवली आणि तो रेडिओ सिलोनकडे गेला. तिथे त्याच वर्षी अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. लोकांच्या कानाला कुलूप लावता येत नाही, हा धडा सरकारला एका परदेशी केंद्राने दिला.

दुसरा धडा न्यायालयाने दिला. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. या निकालाचा अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहिला. सरकारची मक्तेदारी चालणार नाही, हा तो अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग असा, की या मालमत्तेचे नियमन समाजाच्या सर्व थरांचे प्रतिनिधित्व असलेल्या स्वायत्त सार्वजनिक संस्थेने करावे. म्हणजे लहरी सरकारच्या नव्हेत आणि सर्वाधिक बोली लावणाऱ्याच्याही नव्हेत. त्या लोकांच्या आहेत.

प्रत्यक्षात काय झाले? १९९३ पासून आकाशवाणीच्या एफएम वाहिनीवरचे तास खासगी निर्मात्यांना विकले जात होते. मुंबईत टाइम्स एफएम आणि रेडिओ मिड-डे हे आवाज तेव्हाच ओळखीचे झाले होते. १९९८ मध्ये सरकारने ती व्यवस्था बंद केली आणि पुढच्याच वर्षी ४० शहरांतल्या १०८ वाहिन्या लिलावात काढल्या. बोली चढली. परवाना दहा वर्षांचा, आणि परवाना शुल्कात दरसाल १५ टक्के वाढ ठरलेली.

ही १५ टक्क्यांची अट वाचल्याचे मला चांगले आठवते. तेव्हा मी फोर्टमधल्या एका शाखेत कर्जप्रस्ताव तपासत असे. पहिल्या वर्षी शंभर रुपये भरणाऱ्याला सहाव्या वर्षी दोनशेच्या वर आणि दहाव्या वर्षी साडेतीनशेच्या वर भरावे लागणार, हे सांगायला गणितज्ञ लागत नाही. धंदा वाढो वा न वाढो, भाडे वाढणारच. असा प्रस्ताव घेऊन एखादा हॉटेलवाला आमच्याकडे आला असता, तर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवले असते. झालेही तसेच. १०८ पैकी पाव हिस्सा वाहिन्यासुद्धा प्रत्यक्ष सुरू झाल्या नाहीत. देशातले पहिले खासगी एफएम केंद्र जुलै २००१ मध्ये बंगळुरूला सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी मुंबईची पाच केंद्रे आली.

आता त्या ‘एकच गाणे सगळीकडे’ या सुखद आठवणीकडे वळू. पाचही दुकानांचे भाडे भरमसाट असले की पाचही दुकानदार सर्वांत जास्त खपणारा मालच ठेवतात. प्रयोग कोणाला परवडणार? जाहिरातदाराला मोठ्यात मोठा आणि खर्च करणारा श्रोतृवर्ग हवा होता. म्हणून चालू हिंदी चित्रपटांची तीच पंधरा-वीस गाणी सगळीकडे फिरत राहिली. इंग्रजीकडे झुकलेले ‘गो’ हे एक वेगळे केंद्र होते. त्याने पुढे रेडिओ वन हे नाव घेतले आणि काही काळ हिंदी गाण्यांची वाट धरली. ‘विन’ तर काही वर्षांतच बंद पडले. आणि मराठी? ज्या राज्याच्या राजधानीत हा सोहळा चालला होता, त्या राज्याची भाषा या नव्या केंद्रांवर अपवादानेच ऐकू येई. मराठी गाणे ऐकायचे तर मध्यम लहरींवरच्या खरखरीतून आकाशवाणीची अस्मिता वाहिनी शोधावी लागे. ‘मराठी श्रोता हिंदी गाणी ऐकतोच, मग मराठी वेगळे कशाला?’ हा युक्तिवाद तेव्हा ऐकू येई. बाजाराच्या हिशेबात तो बिनचूक होता, आणि तीच खरी अडचण होती. मालमत्ता लोकांची, पण ती वापरायची कशी हे जाहिरातदाराच्या सोयीने ठरले.

पण हिशेबवहीत जमेची बाजूही असते आणि ती मोठी होती. आकाशवाणीचा निवेदक बोलताना इस्त्री केलेला शर्ट घालून बसला आहे असे वाटे. नव्या निवेदकांनी ते अंतर मोडले. त्यांची मुंबईची हिंदी रस्त्यावरची होती. श्रोता दूरध्वनी करी आणि त्याचा आवाज शहरभर जाई. आमच्या शाखेतला एक शिपाई एकदा असा ‘रेडिओवर आला’ होता, पुढे आठवडाभर त्याला व्यवस्थापकापेक्षा अधिक मान होता. शहरातल्या साध्या माणसाचा आवाज, विनासंपादन, शहराला ऐकू जाणे ही गोष्ट लहान नव्हती. २००२ ची आठवण येणारी माणसे गाण्यांसाठी झुरत नाहीत. गाणी तर आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवी तेवढी, हवी तेव्हा मिळतात. आपण ऐकतो तेच या क्षणी शेजारचा, पलीकडच्या डब्यातला, अंधेरीतला आणि मुलुंडमधला माणूसही ऐकतो आहे, ही जाणीव ते शोधत असतात. हवे ते गाणे निवडण्याची सोय झाली आणि ही सोबत गेली.

त्या सोबतीची खरी किंमत मुंबईला एका दिवशी कळली. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. फोर्टमध्ये बसलेल्या आम्हाला उपनगरे बुडाल्याचा पत्ताच नव्हता. लोकल बंद, दूरध्वनी लागत नाहीत, मोबाइल मुके. शाखेत अडकलेले आम्ही पंधरा-वीस जण रोखपालाच्या छोट्या ट्रान्झिस्टरभोवती बसलो होतो. एरवी चेष्टामस्करी करणारा एका खासगी केंद्राचा निवेदक त्या रात्री एकही विनोद न करता निरोप वाचत होता. कुठल्या शाळेत मुले सुरक्षित आहेत, कुठल्या रस्त्याला जाऊ नका, कुठल्या इमारतीत लोकांना आसरा दिला जातो आहे. आमच्या एका सहकारी बाईंना मुलाच्या शाळेची खबर त्या ट्रान्झिस्टरवरूनच मिळाली. ती ऐकल्यावर त्या रडल्या आणि मग सगळ्यांसाठी चहा करायला उठल्या.

आता गंमत पाहा. ज्या केंद्रांनी त्या रात्री शहराला धीर दिला, त्यांना परवान्याच्या अटींनुसार बातम्या देण्याची मुभाच नव्हती. वर्तमानपत्र काढायला परवाना लागत नाही, दूरचित्रवाणीवर चोवीस तास बातम्यांचा गदारोळ चालतो, पण रेडिओवर चालू घडामोडींबद्दल बोलायचे नाही. पुढे २०११ च्या धोरणात हवामान, वाहतूक आणि नैसर्गिक आपत्ती यांची माहिती ‘बातमी’ धरली जाणार नाही, असा खुलासा झाला, आणि आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवण्याची सवलत मिळाली. दर तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केली ती सप्टेंबर २०२३ मध्ये. १९९५ च्या निकालानंतर अठ्ठावीस वर्षांनी ही शिफारस करावी लागते, यातच सगळे आले.

शुल्काचा जाच मात्र त्यामानाने लवकर सुटू लागला. २००५ च्या दुसऱ्या टप्प्याच्या धोरणात ती १५ टक्क्यांची वाढ गेली, एकरकमी प्रवेश शुल्क आणि उत्पन्नाच्या ४ टक्के असे सूत्र आले. २०२४ च्या निर्णयातही वार्षिक शुल्क ४ टक्केच आहे. म्हणजे धंदा कसा चालावा याचा विचार सरकारने केला. धंदेवाल्यांनी तगादा लावला, सरकारने ऐकले, यात वावगे काही नाही. प्रश्न असा, की श्रोत्याच्या वतीने तगादा कोणी लावला? १९९५ च्या निकालात सांगितलेली ती स्वायत्त सार्वजनिक संस्था कुठे आहे? प्रसार भारती १९९७ मध्ये आली, पण ती आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवते. नियामक प्राधिकरण शिफारशी करते. निर्णय मंत्रालयात होतात. मालमत्तेचे जे खरे मालक, त्यांची सही या करारावर कुठेच नाही.

नव्या लिलावामुळे स्थानिक बोली आणि संस्कृतीला चालना मिळेल, असे सरकारने २०२४ च्या निर्णयाबरोबर सांगितले. हे वाक्य मी दोनदा वाचले. कर्जप्रस्तावातही अशी वाक्ये असतात: ‘या प्रकल्पामुळे परिसराचा विकास होईल.’ आम्ही त्याखाली पेन्सिलीने विचारत असू, ‘कसा?’ लातूरच्या केंद्रावर लातूरची माणसे बोलतील, की मुंबईत तयार झालेला कार्यक्रम तिथे नुसता वाजवला जाईल? यवतमाळच्या शेतकऱ्याला कापसाचा भाव आणि पावसाचा अंदाज वऱ्हाडीत कळेल, की त्यालाही तीच पंधरा-वीस गाणी? स्थानिक भाषेतल्या कार्यक्रमांचे किमान तास आणि गावातच बसणारा निवेदक या गोष्टी परवान्याच्या अटी म्हणून लिहिल्या, तर त्या वाक्याला अर्थ आहे. तारणाशिवाय दिलेले आश्वासन बँकेत चालत नाही, ते लोकांच्या मालमत्तेबाबत का चालावे?

काही जण म्हणतील, मोबाइलच्या जमान्यात रेडिओची एवढी काळजी कशाला? त्याचे उत्तर त्या २६ जुलैच्या रात्रीत आहे. मनोरे बंद पडले की मोबाइल मुका होतो. दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर बोलत राहतो, पण पलीकडे गावाची खबर ठेवणारे कोणी बसलेले असेल तरच तो काही कामाचे बोलतो. दुसऱ्या शहरातून यंत्राने सोडलेली गाणी लातूरच्या पुरात किंवा भूकंपात कोणालाही मुलाच्या शाळेची खबर देणार नाहीत.

तेव्हा २००२ ची आठवण जरूर काढावी. पण हळवे होऊन थांबू नये. शहराने एकत्र ऐकावे, शहराचा आवाज शहराला ऐकू जावा, ही जी चव तेव्हा लागली, ती लिलावाच्या अटींमुळे लागली नव्हती. त्या अटींना न जुमानता ती लागली. लातूर-यवतमाळच्या करारांत या वेळी ती अट म्हणूनच उतरवून घेतली पाहिजे. मालमत्ता आपली आहे. भाडेकरू कोणीही असो, भाडेचिठ्ठी वाचूनच सही करावी.