इंफाळचा बाजार आणि डोंगराची वाट

दिवाळीच्या बाजारात झेंडूचे वाटे लावून बसलेली बाई आपल्या ओळखीची आहे. मणिपूरच्या इंफाळमध्ये मात्र अख्खा बाजारच बायकांचा आहे. इमा कैथेल, आयांचा बाजार. तिथे पुरुषाला गाळा मिळत नाही. आंबवलेली मासळी, बांबूचे कोंब, हातमागाची फानेक वस्त्रे घेऊन हजारो जणी बसतात. गाळा आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे जातो. मारूप नावाची त्यांची भिशी असते.

हा बाजार वाढला तो वेठ आणि लढायांमुळे. राजाच्या वेठीला आणि युद्धाला पुरुष गेले की शेती-व्यापार बायकांवर पडे. १९३९च्या डिसेंबरात टंचाई असूनही तांदूळ बाहेर चालला, तेव्हा याच बायकांनी ब्रिटिश अधिकाऱ्याला तारघरात अडवून धरले.

बाईच्या हाती पैसा आला की ती सुरक्षित होते, असे आपण सहज बोलून जातो. मणिपूरने ते खोटे ठरवले आहे. ३ मे २०२३ पासून खोऱ्यातल्या मैतेई आणि डोंगरातल्या कुकी-झो समाजांतल्या हिंसेत अडीचशेहून अधिक माणसे गेली, सुमारे साठ हजार बेघर झाली. ४ मे रोजी दोन कुकी-झो स्त्रियांची जमावाने विवस्त्र धिंड काढली. देशाला ते कळले जुलैत, चित्रफीत फिरल्यावर.

या हिंसेने आधी रस्ता तोडला. कुकीबहुल चुराचांदपूरहून इंफाळ साठेक किलोमीटर. तिथल्या कुकी बाईला आज राजधानीतला बाजार, मोठे रुग्णालय, विमानतळ, सारेच बंद. विमान गाठायचे तर मिझोरामचे ऐजॉल. डोंगर आणि खोरे यांच्यामधल्या पट्ट्यात शेत असलेल्या मैतेई बाईला पेरणीला जायचे तर जवानांचा पहारा लागतो. ८ मार्च २०२५पासून सर्व रस्ते खुले करायचे केंद्राने ठरवले. त्या महिला दिनी कुकीबहुल कांगपोकपीत बस अडवली गेली, एक तरुण मेला, जखमींत कितीतरी बायका होत्या.

दुसरे नुकसान मला अधिक खोल वाटते. २००४ साली इंफाळच्या कांगला किल्ल्याच्या दारात बारा मैतेई स्त्रिया जवानांच्या अत्याचाराविरुद्ध विवस्त्र उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी देशातल्या प्रत्येक बाईच्या वतीने जाब विचारला होता. २०२३मध्ये मात्र दोन्ही समाजांच्या बायका आपापल्या बाजूचे रस्ते रोखून बसल्या. इतक्या वर्षांची कमावलेली ताकद फळी धरण्यात खर्ची पडली. शांतता चर्चेच्या टेबलावर त्या जवळजवळ नाहीतच. २०२२मध्ये साठ आमदारांत पाच स्त्रिया निवडून आल्या, आणि तोही तिथला उच्चांक होता.

सर्वोच्च न्यायालयाने पुनर्वसनावर देखरेखीसाठी नेमलेल्या समितीत तिन्ही माजी न्यायाधीश स्त्रिया आहेत, त्यांतल्या एक मुंबई उच्च न्यायालयाच्या शालिनी फणसळकर-जोशी. हे पाऊल योग्यच होते. पण छावणीत मदत पोहोचवणे वेगळे आणि तहाच्या अटी ठरवणे वेगळे. त्या अटी ठरतील तिथे इमा कैथेलची विक्रेती आणि चुराचांदपूरच्या छावणीतली आई, दोघींनाही खुर्ची हवी. ती सरकारनेच मांडली पाहिजे, आणि आपण दिल्लीकडे ती मागत राहिले पाहिजे.