अभंग : ऐकण्याचा आणि म्हणण्याचा

संगीत हें ईश्वरप्राप्तीचें साधन आहे, हें वचन आपल्याकडे इतक्या वेळां उच्चारलें गेलें आहे कीं, त्याची परीक्षा करण्याची गरज आतां कोणास वाटेनाशी झाली आहे. परंतु तिकिटें काढून ऐकावयाचें, ध्वनिक्षेपकांतून येणारें आणि यंत्रांत सांठवून हवें तेव्हां वाजविलें जाणारें आधुनिक संगीत आपल्यास खरोखर कोठवर नेतें, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. घरांतील वडील मंडळी म्हणतात, "ही नुसती करमणूक, भक्ति निराळी." तरुण मंडळी म्हणतात, "ऐकतांना डोळे भरून आले, आणखी भक्ति ती कोणती?" आमच्या मतें दोन्हीं उत्तरें घाईचीं आहेत.

पहिली गोष्ट ही कीं, संतांची भाषा म्हणजे संतांचा अनुभव नव्हे. आपल्या पुण्यांतीलच उदाहरण घेऊं. प्रभात कंपनीनें १९३६ सालीं 'संत तुकाराम' हा बोलपट काढला. केशवराव भोळे यांचें संगीत व विष्णुपंत पागनीस यांचा कंठ यांमुळें तो घरोघरीं पोंचला. त्यांतील बीज आणि वृक्ष यांच्या रूपकावर रचलेला अभंग तुकोबांचाच समजून कित्येकांनीं गाथेंत धुंडाळला. तो निघाला शांताराम आठवले या तरुण कवीचा! आठवल्यांच्या कौशल्याचें कौतुक करावें तितकें थोडेंच. परंतु शब्दांचा सांचा जर इतका हुबेहूब उतरवितां येतो, तर केवळ देवाचें नांव आलें म्हणून गाणें आध्यात्मिक ठरत नाहीं, हेंहि त्यावरून उघड होतें.

मग तें गूढ असतें कशांत? पंडित भीमसेन जोशी यांनीं 'संतवाणी'च्या कार्यक्रमांतून अभंगास ख्यालगायकीचें बळ दिलें. राम फाटक यांनीं अहीरभैरवांत बांधलेला नामदेवांचा अभंग ज्यांनीं त्यांच्या मुखांतून ऐकला, त्यांस अधिक सांगावयास नको. त्यांत एकच नाम पुनःपुन्हां येतें. गायक तें कधीं कोमल ऋषभावर तोलून धरतो, कधीं तारसप्तकांत नेतो, आणि कांहीं वेळानें नामाचा अर्थ मनांतून गळून पडून नुसता नाद उरतो. पंडित कुमार गंधर्वांचा मार्ग वेगळा. क्षयानें पीडित होऊन ते १९४८ सालीं देवासला गेले. सुमारें पांच वर्षें गाणें बंद होतें. त्या माळव्यांत फिरस्त्या नाथपंथी गायकांकडून कानीं आलेलीं निर्गुणी भजनें त्यांनीं पुढें मैफलींत आणलीं. त्यांत कबीराचा शब्द संपतो, स्वर एकाएकीं थांबतो, आणि त्या थांबण्यांत जी शांतता भरून राहते, तीच त्या गाण्याचा गाभा होय.

ही कांहीं आपल्याच देशाची मिरासदारी नव्हे. अमेरिकेंतील जॉन कोल्ट्रेन या जॅझवादकानें डिसेंबर १९६४ मध्यें ईश्वरास अर्पण केलेली एक चार भागांची रचना ध्वनिमुद्रित केली. पंडित रविशंकरांविषयींच्या आदरानें आपल्या मुलाचें नांव रवि ठेवणारा तोच हा कलावंत. शेवटच्या भागांत त्यानें स्वतः लिहिलेली प्रार्थना आहे. पण ती कोणी म्हणत नाहीं. सॅक्सोफोनमधून तो तिचा शब्द न् शब्द फुंकतो. देश, धर्म, वाद्य सारें निराळें. परंतु शब्द मागें टाकून पुढें जाण्याची ओढ तीच.

येथवर लाभ झाला तो श्रोत्याचा. आतां दुसरी बाजू पाहूं. आषाढीच्या वारींत ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेंत आणि तुकोबांची नाना पेठेंत मुक्कामास उतरते. बरोबरच्या दिंडींत वीणेकरी असतो, टाळकरी असतात, पखवाज असतो. श्रोता मात्र नसतो. कोणाचा आवाज फाटका, कोणाचा बेसूर. पण सर्वांच्या स्वरांत एकट्याचा स्वर ओळखूं येत नाहीं. थोर गवई आयुष्यभराच्या साधनेनें 'मी'पणाचा जो विसर साधतो, त्याची चुणूक दिंडीकऱ्यास शेजाऱ्याच्या आवाजांतच मिळते. सभागृहांतून आपण मात्र 'मीं ऐकलें, मला आवडलें' असें म्हणत, गेलों तसेच घरीं परततों.

हा भेद केवळ तत्त्वचर्चेचा नाहीं. किशोरीताई आमोणकरांनीं भैरवींत गाइलेला सोयराबाईंचा अभंग आपल्या घरांतून किती प्रेमानें ऐकला जातो! सर्व भेद मावळल्याचा आनंद त्यांत आहे. परंतु सोयराबाई आणि त्यांचे पति चोखोबा यांस पंढरीच्या देवळाचें दार बंद होतें. चोखोबांची समाधि आजहि महाद्वाराबाहेर पायरीपाशींच आहे. त्यांच्या समाजास तें दार खुलें होण्यास १९४७ साल उजाडावें लागलें, आणि त्यासाठीं साने गुरुजींस उपोषण करून प्राण पणास लावावे लागले. दार अडवून धरणाऱ्यांत सोंवळें मिरविणारीं घरें पुष्कळ होतीं. सोयराबाईंचा शब्द आज आपल्या दिवाणखान्यांत आला. त्यांचा अनुभव उंबरठ्याबाहेरच राहिला काय?

ऐकणें सोडावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. चांगला गवई आपल्यास दारापर्यंत निश्चित पोंचवितो. पुढचें पाऊल मात्र ज्याचें त्यानें टाकावयाचें असतें. म्हणून आमची सूचना साधी आहे. आठवड्यांतून एकदां तरी दिवेलागणीस यंत्र बंद करावें आणि घरांतील सर्वांनीं एकत्र बसून एक अभंग मोठ्यानें म्हणावा. आजोबांचा स्वर लागणार नाहीं, मुलें हंसतील, सूनबाई संकोचतील; हरकत नाहीं. धुणींभांडीं करावयास येणाऱ्या बाई त्या वेळीं घरांत असतील, तर त्यांसहि जवळ बसवून घ्यावें. कदाचित् चाल त्यांनाच अधिक चांगली येत असेल. त्यांच्या मागून म्हणणें आपल्यास अवघड वाटलें, तर आजवर आपण अभंग नुसता ऐकत होतों, असें समजावें.